नऊच्या आत

नियम ओरेस्तेचा.
तीन उन्हाळ्यांपूर्वी दवाखान्यातून परतला,
शर्टाची बटणं काढून टाके दाखवले
आणि जाहीर केलं :
पाचला निघायचं, नऊच्या आत परत.
उन्हाशी पैज नाही.
ऊन म्हातारं होत नसतं.

आता तो स्वतः येत नाही.
कलिंगडवाल्याच्या पत्र्याखाली बसतो,
घड्याळ काढून मांडीवर ठेवतो
आणि आम्हांला मोजून आत घेतो,
तिन्हीसांजेला कोंबड्या मोजाव्यात तसा.

तर जुलै. पो नदीचा बांध.
वर डांबराची पट्टी, सायकलीपुरती,
खाली पॉप्लरची लागवड, वहीत आखल्यासारखी सरळ,
पण सावली तिची तिलाच पुरते.
नदी आटून एका कुशीला निजलेली.
सहाला हवा कोमट, साय धरलेल्या दुधासारखी.
साडेसातला डांबर मऊ,
टायर सोडवत नाही त्याला.

पुढे नीव्हेस. साखर कारखान्याच्या काट्यावर
छत्तीस वर्षं बीटचे ट्रक तोलले तिने.
अजून कोणी नवा माणूस भेटला
की पापणी जराशी खाली जाते तिची,
मनात वजन लिहून घेतल्यासारखी.

मग एर्मेस आणि वानेर, सख्खे भाऊ.
एका पंपावरून अबोला, बावीस वर्षांचा.
पंप कधीच भंगारात गेला.
पण समोरून वारा आला
की दोघं पाळी चुकवत नाहीत :
अर्धा मैल हा तोंड देतो, तो पाठीशी,
मग कोपर हलतं नुसतं,
आणि तो पुढे, हा पाठीशी.
वाऱ्याचा हिशेब चोख. बाकीचा नाही.

शेवटी मी. मला फक्त पाठी दिसतात,
त्यांच्यावर उमटत जाणारं मीठ.
नीव्हेसच्या पाठीवर आधी एक बेट,
मग द्वीपकल्प, मग अख्खा किनारा.
बाटलीतलं पाणी आता पाणी नव्हतं,
साखर विसरलेला चहा होता.
झाडांत किडे करवत चालवत होते,
काहीही न कापता.

आठ वाजून दहा मिनिटं.
मक्याच्या शेतातली पाण्याची तोफ
ठक ठक ठक ठक करत वळत आली,
आणि तिची लांब कमान
बांध ओलांडून रस्त्यावर पडली.
नीव्हेस सापडली. नेमकी.
किंचाळली ती, सत्तर वर्षांची बाई,
शाळेची घंटा चोरल्यासारखी.

पुढे गेलो. शंभर हात.
कोणी काही बोललं नाही.
मग तिने पाय टेकला, मागे वळून पाहिलं,
तोफेच्या फेरीला किती वेळ लागतो
ते तोललं
आणि हँडल फिरवलं.

दुसऱ्यांदा आम्ही सगळे सापडलो.
तिसऱ्यांदा मी चष्मा काढून ठेवला.
चौथ्यांदा वानेरला पाणी कानात लागलं,
तो घोड्यासारखं डोकं झटकत होता
तेव्हा एर्मेसच्या तोंडून निघालं,
"पुन्हा?"

एकच शब्द. कोणाला विचारला
ते त्यालाही ठाऊक नसावं.
साखळ्यांतून थेंब गळत होते.
नीव्हेस आपल्या पुढच्या चाकाकडे
फार लक्ष देऊन पाहू लागली.
वानेर उत्तर देईल असं वाटलं.
त्याने दिलं नाही. सायकल वळवली फक्त,
आणि वळताना कोपर हलवलं,
वारा नसताना.

पोचलो तेव्हा दहाला वीस मिनिटं कमी.
कपडे रस्त्यातच सुकलेले,
अंगावर पुरावा नाही एक थेंबाचा,
मीठसुद्धा धुऊन गेलेलं.
ओरेस्ते उठला नाही. घड्याळ वर धरलं,
आम्हांला दाखवलं, एकेकाला, सावकाश,
टाके दाखवले होते तसंच.
पंक्चर, मी म्हणालो.
चौघांचं? तो म्हणाला.

कलिंगडवाल्याने सुरी घातली.
फळ आपणहून चिरत गेलं पुढे, सुरीच्या आधी.
ओरेस्ते बी थुंकत राहिला बराच वेळ,
पत्र्याखालून बांधाकडे बघत,
जिथे आता नुसती वाफ हलत होती.
मग माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात :

"गार होतं का?"